निवडणूक आयोगाचे जुने सांख्यिकी अहवाल : ‘मुंबई शहर उत्तर’ शोधायला किती कामाचे?

भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर १९५१ पासूनच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये फुकट मिळतो. चालू मतदारसंघासाठी तो कुणी फारसा उघडत नाही, कारण ते आकडे दहा ठिकाणी तयार मिळतात. अहवालाची खरी पारख होते ती बुडालेल्या मतदारसंघावर. म्हणून इथे ‘मुंबई शहर उत्तर’ घेतला आहे. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत हे नाव आहे आणि १९६७ पासून गायब आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून हरले आणि कृष्ण मेनन इथून दोनदा निवडून आले, त्यामुळे या नावाचा शोध घेणारे बरेच असतात. त्यातले निम्मेअधिक पहिल्याच वळणावर चुकतात.

आधी निकाल सांगून टाकतो: आकड्यांसाठी पाचपैकी साडेचार, भूगोलासाठी एक. आकडे पक्के आहेत. पण ते कुठल्या जमिनीवरचे, हे अहवाल सांगत नाही. या मतदारसंघाच्या बाबतीत सगळी मेख तिथेच आहे.

फाइल शोधताना

पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली आणि मुंबईत मतदान जानेवारी १९५२ मध्ये झालं. अहवालाच्या माथ्यावर मात्र १९५१ हे साल आहे. ‘१९५२’ टाकून शोधलंत तर हात हलवत परत याल. अहवालाचे दोन खंड आहेत. पहिल्यात देशाचे आणि राज्यांचे गोषवारे आणि उमेदवारनिहाय सविस्तर निकाल, दुसऱ्यात मतदारसंघनिहाय सारांश. उमेदवारांची मतं हवी असतील तर पहिला खंड पुरे.

मग राज्य. १९५१ आणि १९५७ च्या अहवालांत महाराष्ट्र नाही, ‘बॉम्बे’ आहे. आणि हे दोन्ही ‘बॉम्बे’ एक नव्हेत. १९५१ च्या मुंबई राज्यात गुजरात आणि कर्नाटकचे काही जिल्हे आहेत, पण विदर्भ मध्य प्रदेशाखाली आणि मराठवाडा हैदराबादखाली आहे. १९५७ चं ते द्विभाषिक राज्य, त्यात विदर्भ-मराठवाड्याबरोबर सौराष्ट्र आणि कच्छसुद्धा. ‘महाराष्ट्र’ हे पान पहिल्यांदा दिसतं ते १९६२ च्या अहवालात. मुंबई शहरापुरतं याने काही अडत नाही. पण १९५२ चा भंडारा शोधणारा माणूस मुंबई राज्याची पानं चाळत बसतो आणि अहवाल अपुरा आहे असं समजतो.

नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि आडनाव आधी. स्पेलिंगची एकवाक्यता शोधू नका. काजरोळकर, माने, डांगे ही नावं इंग्रजीतून मराठीत आणताना जो घोळ होतो तो इंटरनेटवर सगळीकडे पसरलाय. अख्खं नाव टाकून शोधण्यापेक्षा मतदारसंघाचं नाव टाका आणि तिथली यादी डोळ्यांनी वाचा. कोष्टक कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवलं की रकाने सरकतात आणि पक्षाच्या रकान्यात मतं जाऊन बसतात. आठ-दहा ओळींसाठी हातानेच टंकलेलं बरं.

१९५२ : यादी वाचायची कशी

इथे अहवाल सोन्यासारखा आहे, पण वाचता आला तर.

‘मुंबई शहर उत्तर’ हा १९५२ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. देशात तेव्हा ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते: ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य आणि उत्तर बंगाल हा एकटा त्रिसदस्य. द्विसदस्य ठिकाणी प्रत्येक मतदाराला दोन मतं, सगळे उमेदवार एकाच रिंगणात. प्रमुख पाच जणांची मतं अशी:

विठ्ठल बाळकृष्ण गांधी (काँग्रेस) १,४९,१३८
अशोक मेहता (समाजवादी) १,३९,७४१
नारायण सदोबा काजरोळकर (काँग्रेस) १,३८,१३७
भीमराव आंबेडकर (शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन) १,२३,५७६
श्रीपाद अमृत डांगे (कम्युनिस्ट) ९६,७५५

घाईत वाचणारा वरची दोन नावं विजयी धरतो, म्हणजे गांधी आणि मेहता. प्रत्यक्षात निवडून आले गांधी आणि काजरोळकर. मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मतं जास्त असूनही ते घरी राहिले. नियम असा होता: राखीव जागा आधी भरायची. राखीव गटातल्या उमेदवारांत ज्याची मतं सर्वाधिक, तो त्या जागेवर निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत, राखीव गटातले उरलेले धरून, ज्याची मतं सर्वाधिक त्याला सर्वसाधारण जागा. आंबेडकर-काजरोळकर यांच्यातला फरक १४,५६१, तर मेहता-गांधी यांच्यातला ९,३९७. हे दोन वेगळे सामने एकाच यादीत छापलेले आहेत, असं समजून यादी वाचली की गोंधळ संपतो.

नियमाच्या दुसऱ्या भागाने १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम इथे वेगळाच प्रसंग आणला. राखीव गटातल्या दोन उमेदवारांनी दोन्ही जागा घेतल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल गिरींच्या विरुद्ध लागला आणि १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच मोडीत निघाले.

आता दुसरा सापळा, टक्क्यांचा. एका मतदाराची दोन मतं असल्याने मतांची बेरीज म्हणजे मतदारांची संख्या नव्हे. वरच्या पाच जणांचीच बेरीज ६,४७,३४७ होते, तिच्यामागे माणसं निम्मी असू शकतात. मतांच्या बेरजेवर काढलेली उमेदवाराची टक्केवारी म्हणूनच बुटकी दिसते. साधारण २० टक्के मतं म्हणजे मतदानाला आलेल्या दर पाचांत एक माणूस, असं लिहिणारे लेख आहेत. ते चूक आहे. बहुतेकांनी दोन्ही मतं वापरली असतील तर तो आकडा पाचांत दोनच्या आसपास जातो. देशाच्या पातळीवर हीच गंमत आणखी मोठी होते: १०,५९,५०,०८३ वैध मतांना १७,३२,१२,३४३ मतदारांनी भागलं की ६१ टक्के मतदान दिसतं, आणि हा आकडा वर्षानुवर्षं छापून आला. दुहेरी मतं लक्षात घेतली की तो सुमारे ४५ वर येतो.

तिसरी गोष्ट अहवालात थेट लिहिलेली नाही, पण त्याच आकड्यांतून निघते आणि आमच्या मते हाच या पानाचा सगळ्यात मोठा ऐवज आहे. समाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांची त्या निवडणुकीत युती होती. मतदान शिक्क्याचं नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. या पेट्यांचा मोठा साठा मुंबईतच, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनला होता. युतीच्या मतदाराने एक कागद झाडाच्या (समाजवादी) पेटीत आणि दुसरा हत्तीच्या (फेडरेशन) पेटीत टाकावा, अशी अपेक्षा. झाडाला १,३९,७४१ पडली, हत्तीला १,२३,५७६. फरक १६,१६५. काजरोळकरांचं मताधिक्य १४,५६१. म्हणजे मेहतांना जेवढी मतं पडली तेवढीच आंबेडकरांना पडती, तर राखीव जागेचा निकाल फिरला असता. बैलजोडीच्या दोन पेट्यांतही ११,००१ चा फरक आहे, म्हणजे गळती काँग्रेसकडेही होती, पण कमी.

इथे हात आखडता घ्यावा लागतो. कुठल्या मतदाराने दुसरं मत कुणाला दिलं, याची जोडी अहवालात नाही आणि असूही शकत नाही. एक मत देऊन दुसरं न देणारेही होते. शिवाय दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एकच धरला जाई, दुसरा बाद. आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निकालाला आव्हान देणारा निवडणूक अर्ज केला, त्यात ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याची तक्रार होती. हा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपट आहे. उमेदवारांच्या यादीवरून त्याची चाहूलही लागत नाही. मतं कुजवण्याचा, म्हणजे दुसरं मत मुद्दाम वाया घालवण्याचा प्रचार झाला, हा आरोप आणि त्यावरचा वाद अर्जाच्या कागदांत आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहे. ‘कुठे तो घटनाकार आंबेडकर आणि कुठे हा लोणीविक्या काजरोळकर’ ही आचार्य अत्र्यांच्या नावावर सांगितली जाणारी ओळ मुंबईत आजही ऐकू येते. त्या ओळीच्या जोरावर निकालाची कारणं सांगणाऱ्यांनी आधी वरचे पाच आकडे कागदावर मांडून बघावेत.

नाव तेच, जमीन दुसरी

आता अहवालाचा कच्चा दुवा. १९५७ चा खंड उघडा. ‘मुंबई शहर उत्तर’ आहे, विजयी व्ही. के. कृष्ण मेनन, काँग्रेस. १९६२ मध्ये पुन्हा तेच. जे. बी. कृपलानींना जवळपास दीड लाख मतं आणि मेननना त्याच्या साधारण दुप्पट. तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की इतिहास तयार झाल्यासारखा वाटतो: १९५२ गांधी आणि काजरोळकर, १९५७ मेनन, १९६२ मेनन. अशा याद्या सर्रास दिसतात. याद्या म्हणून त्या बरोबर, इतिहास म्हणून फसव्या.

१९५२ मध्ये शहरातून तीन खासदार जात: ‘दक्षिण’मधून एक (स. का. पाटील) आणि ‘उत्तर’मधून दोन. उपनगरांसाठी वेगळा मतदारसंघ होता, तिथे जयश्री रायजी निवडून आल्या. म्हणजे त्या वेळचं ‘उत्तर’ हे बेटावरच्या शहराचं उत्तर, गिरणगावाच्या बाजूचं. १९५७ ला मांडणी बदलली. मध्ये ‘मुंबई शहर मध्य’ हा नवा द्विसदस्य मतदारसंघ आला आणि ‘उत्तर’ वर सरकून उपनगरांत गेलं. मेननचा मतदारसंघ वांद्रे-अंधेरीकडचा होता. १९५२ मध्ये आंबेडकर आणि डांगे जिथे हरले त्या भागाचा मोठा तुकडा १९५७ मध्ये ‘मध्य’ झाला, आणि तिथून डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने निवडून आले. आंबेडकर जाऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. ज्याला १९५२ च्या निकालाचं पुढे काय झालं हे लिहायचंय, त्याने १९५७ मध्ये ‘उत्तर’ वाचून उपयोग नाही, ‘मध्य’ वाचावा लागतो.

याच पानावर आणखी एक फसगत. १९५७ ची मुंबई म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची मुंबई, पण पक्षांच्या रकान्यात ‘समिती’ (संयुक्त महाराष्ट्र समिती) शोधाल तर सापडणार नाही. समितीचे घटक पक्ष आपापल्या नावाने लढले, म्हणून डांगे कम्युनिस्ट, माने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. अहवालाचा यात दोष नाही, तो चिन्ह बघतो. समितीला किती मतं मिळाली हे काढायचं तर घटक पक्षांची आणि समितीच्या पाठिंब्यावरच्या अपक्षांची यादी बाहेरून आणावी लागते.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९६१ चा कायदा आल्यावर ‘मध्य’ दुभंगला: ‘मध्य दक्षिण’ आणि ‘मध्य उत्तर’, यातला दुसरा राखीव. १९६२ मध्ये पहिल्यातून विठ्ठल गांधी आले आणि दुसऱ्यातून काजरोळकर. १९५२ ची जोडी दहा वर्षांनी परत लोकसभेत, पण दोन वेगळ्या नावांनी. १९६७ ला ‘शहर’ हा शब्दच गळला. उपनगरांचं ‘उत्तर’ फुटून ‘ईशान्य’ आणि ‘वायव्य’ झाले. मेनन काँग्रेस सोडून ईशान्य मुंबईत अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्व्यांकडून १३,१६९ मतांनी हरले. दक्षिणेत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं ते याच वर्षी. १९७७ ला ‘मध्य’ आणि ‘मध्य दक्षिण’ जाऊन ‘दक्षिण मध्य’ आणि ‘उत्तर मध्य’ आले. शब्दांची अदलाबदल बघून छपाईची चूक वाटते, पण हे वेगळे मतदारसंघ आहेत.

ही सरकासरकी जुन्या काळापुरती नाही. एकनाथ गायकवाडांनी २००४ मध्ये मनोहर जोशींना ‘उत्तर मध्य’ मध्ये हरवलं आणि २००९ मध्ये ते ‘दक्षिण मध्य’ मधून आले. प्रिया दत्त २००५ च्या पोटनिवडणुकीत ‘वायव्य’ मधून आणि २००९ मध्ये ‘उत्तर मध्य’ मधून. उमेदवारांनी मतदारसंघ बदलला असं म्हणण्यापेक्षा मतदारसंघांच्या हद्दी नव्याने ठरवणाऱ्या २००८ च्या परिसीमन आदेशाने त्यांच्या पायाखालच्या वस्त्यांना दुसरं नाव दिलं, हे जास्त खरं.

मग भूगोल कुठून आणायचा

परिसीमन आदेशांतून. २००८ आणि १९७६ चे आदेश सहज मिळतात, त्याआधीचे राजपत्रात शोधावे लागतात. त्यांत हद्दी वस्तीच्या नावाने नसतात, प्रशासकीय तुकड्यांनी असतात, मुंबईत मुख्यतः पालिकेच्या वॉर्डांनी. म्हणून शेजारी त्या सालचा वॉर्डांचा नकाशा लागतो. आजचा नकाशा चालत नाही. पालिकेची हद्द १९५० आणि १९५७ अशी दोनदा उत्तरेकडे वाढली आणि वॉर्डांची फेररचना होत राहिली. ढोबळ खूण एवढीच की ए ते जी वॉर्ड म्हणजे जुनं बेटावरचं शहर, एचपासून पुढे उपनगर.

काम करण्याची पद्धत साधी ठेवा. आधी एक वस्ती धरा, समजा परळ. प्रत्येक आदेशात परळ कुठल्या नावाखाली जातं ते लिहा. मगच अहवाल उघडून त्या नावाचा निकाल त्यापुढे मांडा. उलट क्रमाने, म्हणजे नावापासून सुरुवात केलीत, तर परळपासून निघून अंधेरीला पोचाल आणि कळणारही नाही.

पर्याय म्हणून अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राचा ‘लोकढाबा’ वापरून बघावा. आकडे थेट सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) उतरवता येतात, पीडीएफशी झटापट नाही, आणि कुठला निकाल कुठल्या परिसीमनाखालचा हे सांगणारा क्रमांकही सोबत असतो. १९७७ नंतरच्या मुंबईसाठी आयोगाच्या अहवालापेक्षा हेच सोयीचं. मात्र त्याची सुरुवात १९६२ च्या सुमाराची आहे. ‘मुंबई शहर उत्तर’च्या तीनपैकी पहिल्या दोन निवडणुका त्यात येत नाहीत, आणि द्विसदस्य मतदारसंघांचा सगळा पेच त्या दोनांतच आहे. त्यामुळे आयोगाचे १९५१ आणि १९५७ चे खंड टाळता येत नाहीत.

शेवटची उणीव पोटनिवडणुकांची. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात त्या नाहीत. मुंबईच्या बाबतीत हे भोक लहान नाही. १९६७ मध्ये निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत बर्वे वारले. त्या जागेवर त्यांची बहीण तारा सप्रे यांनी मेननना पुन्हा हरवलं. १९७३ मध्ये रा. धों. भंडारे बिहारचे राज्यपाल झाले आणि ‘मुंबई मध्य’ची जागा रिकामी झाली. जानेवारी १९७४ ची ती पोटनिवडणूक म्हणजे दलित पँथरचा बहिष्कार, वरळीची दंगल आणि काँग्रेसच्या रामराव आदिकांवर रोझा देशपांडे यांचा विजय. १९७१ चा अहवाल वाचून पुढे थेट १९७७ चा उघडला तर यातलं काहीच दिसत नाही, भंडारेच सहा वर्षं खासदार होते असं वाटतं. लोकसभेच्या संकेतस्थळावर त्या-त्या सभागृहाच्या माजी सदस्यांची यादी आहे. एकाच मतदारसंघापुढे दोन नावं दिसली की मध्ये पोटनिवडणूक झाली असं समजावं आणि तारीख धरून वर्तमानपत्रांच्या फायलींकडे वळावं.